आवाज नेमका कुठे अडतो?

वर्गात मागच्या बाकावरचा मुलगा म्हणतो, ‘‘बाई, फळा दिसत नाही.’’ बाईंना कारण शोधायला वेळ लागत नाही. खिडकीतून फळ्यावर ऊन पडलेले असते, नाहीतर पुढच्या बाकावर एखादा उंच मुलगा बसलेला असतो. बाई खिडकी लोटून घेतात किंवा जागा बदलतात आणि धडा पुढे सुरू होतो. शिक्षक आणि विद्यार्थी एकाच खोलीत असल्यामुळे अडचण दोघांनाही दिसते.

दूरशिक्षणात ही सोय नसते. ‘‘सर, आवाज येत नाहीये,’’ एवढे चार शब्द शिक्षकापर्यंत पोहोचतात. पलीकडच्या खोलीत जाऊन पाहणे शक्य नसते. अशा वेळी बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम असेल’ असे म्हणून विषय संपवला जातो, किंवा विद्यार्थी सबब सांगतो आहे असे शिक्षकाला वाटते. दोन्ही वेळा नुकसान विद्यार्थ्याचेच होते. दूरशिक्षण घेणाऱ्यांत नोकरी सांभाळून शिकणारे, शेतात राबणारे, लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या स्त्रिया असे अनेक जण असतात. ‘आपल्याला हे काही जमायचे नाही’ अशी धास्ती त्यांच्या मनात आधीपासूनच असते. चार-दोन तास बुडाले, एखादा गृहपाठ पोहोचला नाही, की त्यातले काही जण कोणालाही न सांगता अभ्यासक्रम सोडून देतात. तक्रार करणारा विद्यार्थी निदान आपल्याशी बोलत तरी असतो.

विद्यार्थ्याची तक्रार हे एक निरीक्षण आहे असे मानले आणि विज्ञानाच्या तासाला आपण जी पद्धत शिकवतो तीच इथे वापरली, तर संगणकाचे खास शिक्षण न घेतलेल्या शिक्षकालाही बऱ्याच अडचणींचे मूळ सापडते. ते कसे, हे या लेखात पाहू.

प्रत्येक माध्यमाची अडचण वेगळी

दूरशिक्षण आपल्याकडे नवे नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ १९८५ साली आणि नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. त्या काळात दूरशिक्षणाचा मुख्य आधार म्हणजे छापील पुस्तके, टपाल आणि अभ्यासकेंद्र. तेव्हाची अडचण टपालाच्या उशिराची होती. त्याही आधी, ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात, अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहामार्फत आपल्या देशातील सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत दूरचित्रवाणीवरून शैक्षणिक कार्यक्रम दाखवण्यात आले. ‘साइट’ या नावाने हा प्रयोग ओळखला जातो. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी इस्रोने खास शिक्षणासाठी ‘एड्युसॅट’ हा उपग्रह सोडला.

असे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. संदेशाला वर जाऊन खाली यायला सुमारे ७२,००० किलोमीटर अंतर कापावे लागते. रेडिओलहरींचा वेग सेकंदाला ३ लाख किलोमीटर. म्हणजे या प्रवासाला ०.२४ सेकंद लागतात. एकतर्फी व्याख्यान ऐकताना हे जाणवतही नाही. पण प्रश्न विचारून उत्तराची वाट पाहायची असेल, तर जाण्यायेण्यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो. तेवढ्यात शिक्षकाला वाटते की कोणी काही विचारत नाही, म्हणून ते पुढे बोलू लागतात आणि दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळते. यात ना शिक्षकाची चूक, ना विद्यार्थ्याची. प्रकाशाचा वेगच तेवढा आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि शाळा-महाविद्यालयांचे तास एकाएकी मोबाइल फोनवर आले. शाळा पुन्हा उघडल्या, तरी फोनवरून होणारे अभ्यासक्रम, शिक्षकांची प्रशिक्षणे आणि मुक्त विद्यापीठांचे संपर्कतास चालूच राहिले. या माध्यमाच्या अडचणी समजून घ्यायच्या, तर आवाज कोणत्या वाटेने जातो ते आधी पाहिले पाहिजे.

आवाजाची पाकिटे

शिक्षक बोलतात तेव्हा मायक्रोफोन हवेतल्या कंपनांचे विद्युत संदेशात रूपांतर करतो. फोन त्या संदेशाची पातळी सेकंदाला हजारो वेळा मोजतो आणि मापे आकड्यांत मांडतो. हे आकडे फार होतात, म्हणून काही गणिती युक्त्या वापरून त्यांचा पसारा कमी केला जातो. मग साधारणपणे २० मिलिसेकंदांचा आवाज एका पाकिटात भरून ते पाकीट रवाना होते. म्हणजे सेकंदाला ५० पाकिटे. प्रत्येकावर पत्ता आणि अनुक्रमांक असतो.

एक मोठे पुस्तक आपण सुटी पाने करून, एकेक पान वेगळ्या पाकिटात घालून टपालाने पाठवले, अशी कल्पना करा. काही पाकिटे लवकर पोहोचतील, काही उशिरा, एखादे गहाळ होईल. घेणारा अनुक्रमांक पाहून पाने लावील आणि न मिळालेले पान पुन्हा मागवील. चार दिवस जास्त गेले तरी पुस्तक पूर्ण होईल. फाइल पाठवताना किंवा साठवलेला व्हिडिओ पाहताना असेच घडते.

चालू तासात मात्र हे जमत नाही. ‘‘त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज’’ या वाक्यातल्या ‘कोनां’चे पाकीट दोन सेकंदांनी आले, तर तोवर वाक्य संपलेले असते. उशिरा आलेले पाकीट तिथे टाकूनच द्यावे लागते. एखाददुसरे पाकीट हरवले तर यंत्र आजूबाजूच्या आवाजावरून ती फट बुजवते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. एकापाठोपाठ बरीच पाकिटे गेली, की आवाज तुटतो किंवा यंत्रमानवासारखा खरखरीत ऐकू येतो.

नळ आणि टाकी

आता एका नेहमीच्या तक्रारीकडे वळू. विद्यार्थी म्हणतो, ‘‘यूट्यूबवरचे व्हिडिओ नीट दिसतात, पण आपला तास तुटतो.’’ ऐकणाऱ्याला साहजिकच वाटते, हा थाप मारतो आहे. व्हिडिओ चालतो म्हणजे इंटरनेट आहे, मग तास का चालू नये?

पाण्याचे उदाहरण घेऊ. गावात नळाला पाणी थांबत थांबत येते. ज्याच्या घरावर टाकी आहे त्याला हे कळतही नाही. नळ मध्येच दहा मिनिटे गेला तरी टाकीतले पाणी चालू असते. ज्याच्याकडे टाकी नाही त्याची बादली मात्र नळ गेला की तिथेच थांबते. साठवलेला व्हिडिओ दाखवताना फोन पुढचा बराच भाग आधीच उतरवून घेतो. ही त्याची टाकी. चालू तासात पुढचे वाक्य शिक्षकांनी अजून उच्चारलेलेच नसते, मग ते साठवणार कुठून? तिथली टाकी सेकंदाच्या लहानशा अंशाएवढीच असते.

म्हणजे विद्यार्थ्याची तक्रार अगदी खरी असू शकते, आणि ती फार उपयोगी माहिती देते. त्याच्या नळाला एकूण पाणी पुरेसे आहे, पण ते सलग येत नाही. इंटरनेटचा ‘वेग’ म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो एकूण पाण्याचा असतो. तासाला त्याखेरीज आणखी तीन गोष्टी लागतात. पाकिटाला पोहोचायला लागणारा वेळ कमी हवा, तो वेळ सारखा कमीजास्त होता कामा नये, आणि हरवणारी पाकिटे थोडी हवीत. नुसत्या वेगाच्या आकड्यावरून विद्यार्थ्याला खोटे ठरवणे म्हणजे तापमापीत वजन वाचण्यासारखे आहे.

आठ कड्या, तीन प्रश्न

शिक्षकाच्या तोंडून विद्यार्थ्याच्या कानापर्यंतची वाट ही एक साखळी आहे. सोयीसाठी तिच्या आठ कड्या करू: शिक्षकाचा मायक्रोफोन, शिक्षकाचा फोन, त्याची इंटरनेट जोडणी, तास चालवणाऱ्या सेवेचा सर्व्हर, विद्यार्थ्याच्या मोबाइल कंपनीचे जाळे, गावातला टॉवर, विद्यार्थ्याचा फोन आणि त्या फोनचा स्पीकर. यांपैकी एक कडी तुटली आहे. ती कोणती?

एकेक कडी तपासत गेलो तर कदाचित शेवटपर्यंत जावे लागेल. त्याऐवजी साखळी मधोमध विभागावी. ‘‘बाकीच्यांना आवाज येतो का?’’ हा पहिला प्रश्न. बाकीच्यांना येत असेल, तर पहिल्या चार कड्या ठीक आहेत. कोणालाच येत नसेल, तर विद्यार्थ्याला सूचना देण्यात अर्थ नाही, आपलाच मायक्रोफोन पाहावा.

समजा, बाकीच्यांना आवाज येतो. दुसरा प्रश्न: ‘‘माझे चित्र हलते आहे का? आता लिहून पाठवलेला निरोप आला का?’’ चित्र हलत असेल आणि निरोप लगेच आला असेल, तर जाळे आणि टॉवर यांचा दोष बहुधा नाही. उरल्या दोन कड्या, फोन आणि स्पीकर. तिसरा प्रश्न: ‘‘त्याच फोनवर एखादे गाणे लावून पाहा, ऐकू येते का?’’ गाणे ऐकू आले तर स्पीकर चांगला आहे आणि तासाच्या ॲपमध्येच आवाज बंद राहिला आहे. बऱ्याचदा तासात शिरताना ॲप आवाजाची परवानगी विचारते आणि घाईत ‘नको’ वर बोट पडलेले असते. गाणेही ऐकू आले नाही, तर आवाज फोनमधून बाहेरच पडत नाही. अशा वेळी ब्लूटूथ चालू आहे का ते विचारावे. घरात एकच फोन असतो, भावाने सकाळी त्याला आपले इयरफोन जोडलेले असतात, आणि ताईचा सगळा तास शेजारच्या खोलीत भावाच्या खिशात चालू असतो!

आठ कड्या, तीन प्रश्न. सोळा कड्या असत्या तर चार प्रश्न लागले असते, बत्तीस असत्या तर पाच. प्रत्येक प्रश्न उरलेली शक्यता निम्मी करतो. शब्दकोशात शब्द शोधताना आपण पुस्तक मधेच उघडतो, तीच ही युक्ती.

इथे एक पथ्य पाळावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. ‘‘फोन बंद करून चालू कर, ॲप काढून पुन्हा टाक, गच्चीवर जाऊन बस’’ असे तीन उपाय एकदम सांगितले आणि आवाज आला, तर कशाने आला ते कळत नाही, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथूनच सुरुवात होते. रोपट्याला ऊन, पाणी आणि खत एकदम बदलून कोणता परिणाम कशाचा हे सांगता येत नाही, हे आपण सहावी-सातवीच्या मुलांना शिकवतोच. शिवाय ॲप काढून टाकल्याने त्यात साठवलेली, अजून न पाठवलेली उत्तरे जाऊ शकतात. म्हणून कमी नुकसानीचा उपाय आधी आणि मोठा उपाय शेवटी.

चार कांड्या आणि अडलेला गृहपाठ

दुसरी एक तक्रार: ‘‘फोनवर चारही कांड्या दिसतात, व्हिडिओ चालतात, पण गृहपाठ काही जात नाही.’’ यातही विसंगती नाही.

फोनवरच्या कांड्या टॉवरकडून येणारा संदेश किती जोरदार आहे ते दाखवतात. त्याच टॉवरवर त्या क्षणी किती लोक बोलत आहेत, व्हिडिओ पाहत आहेत, हे त्या सांगत नाहीत. रस्ता रुंद आणि गुळगुळीत असला तरी बाजाराच्या दिवशी गाडी पुढे सरकत नाही. टॉवरची क्षमता सगळ्यांत वाटली जाते. संध्याकाळी सगळे घरी आले की प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते.

दुसरे कारण भौतिकशास्त्रातले आहे. टॉवर दहा-वीस वॅट किंवा त्याहून अधिक शक्तीने संदेश पाठवू शकतो. हातातला ४जी फोन सर्वसाधारणपणे ०.२ वॅटच्या वर जाऊ शकत नाही. त्याची बॅटरी लहान असते आणि तो आपल्या कानाशी धरायचा असतो. टॉवरचा आवाज फोनला ऐकू येतो, पण फोनचा क्षीण आवाज टॉवरपर्यंत स्पष्ट पोहोचतोच असे नाही. त्यातच, लोक पाठवतात कमी आणि पाहतात जास्त, म्हणून जाळ्याची रचनाही उतरवण्याला अधिक वाव देणारी असते. परिणामी उतरवणे जमते, चढवणे अडते.

यावर शिक्षकाला करता येण्याजोगे दोन उपाय आहेत. एक, गृहपाठाची अंतिम वेळ रात्री आठ-नऊ वाजता न ठेवता दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावी. पहाटे टॉवर मोकळा असतो. दोन, गृहपाठ हलका करून पाठवायला शिकवावे. हा दुसरा उपाय गणिताच्या तासालाही घेता येईल.

करून पाहा: गृहपाठ किती जड?

फाइलचा आकार बाइटमध्ये मोजतात आणि वेग सेकंदाला इतके बिट असा सांगतात. एका बाइटमध्ये ८ बिट असतात. ही ८ ची पट विसरली, की सगळे अंदाज चुकतात.

समजा, विद्यार्थ्याने दहा पाने फोनने टिपली. प्रत्येक छायाचित्र ४ मेगाबाइटचे. एकूण ४० मेगाबाइट, म्हणजे ३२० मेगाबिट. चढवण्याचा वेग सेकंदाला अर्धा मेगाबिट असेल, तर

३२० ÷ ०.५ = ६४० सेकंद,

म्हणजे १० मिनिटे ४० सेकंद. एवढ्या वेळात फोन आला, पडदा मिटला किंवा संकेतस्थळाने वाट पाहणे सोडून दिले, की सगळे पुन्हा पहिल्यापासून.

आता त्याच पानांचा आकार कमी करू. १२ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचे छायाचित्र ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचे असते. ए-४ आकाराचे पान इंचाला १५० ठिपके या हिशेबाने टिपले तर सुमारे १२४० गुणिले १७५४, म्हणजे साधारण २२ लाख ठिपके पुरतात, आणि हस्ताक्षर वाचता येते. १ कोटी २० लाख ठिपके कशाला पाठवायचे? फोनमधल्या कागद टिपण्याच्या सोयीने, रंग काढून टाकून, एक पान २५० किलोबाइटपर्यंत सहज येते. दहा पानांचे अडीच मेगाबाइट, म्हणजे २० मेगाबिट. त्याच वेगाने ४० सेकंद! विद्यार्थ्यांना आपापल्या फोनमधल्या छायाचित्राचा आकार पाहायला सांगून असा हिशेब करून घ्यावा.

असाच हिशेब तासाचाही होतो. नुसता आवाज सेकंदाला ३२ किलोबिट एवढ्या वाटेत चांगला जातो. ४० मिनिटांचे २४०० सेकंद, म्हणून ७६.८ मेगाबिट, म्हणजे ९.६ मेगाबाइट. चित्रासह तासाला सेकंदाला १ मेगाबिट धरले तर २४०० मेगाबिट, म्हणजे ३०० मेगाबाइट होतात. सुमारे तीसपट! दिवसाला ठरावीक डेटा मिळणाऱ्या रिचार्जवर तीन भावंडे शिकत असतील, तर कॅमेरा चालू ठेवण्याचा आग्रह म्हणजे धाकट्याचा तास बुडवणे. वही समोर धरायची असेल तेवढ्यापुरता कॅमेरा लावावा, एरवी आवाज पुरतो.

चुकीची तारीख, अनोळखी अक्षरे

काही अडचणी इतक्या विचित्र असतात की कारण माहीत असल्याशिवाय सुचत नाही.

एखाद्या विद्यार्थ्याच्या फोनवर प्रत्येक संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ असे दाखवते. इतरांना तेच संकेतस्थळ नीट दिसते. अशा वेळी फोनची तारीख विचारावी. संकेतस्थळ आपली ओळख पटवण्यासाठी एक प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध’ असे लिहिलेले असते. फोनचे घड्याळ दोन वर्षे मागे असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेले वाटते आणि तो दार उघडत नाही. बॅटरी पूर्ण उतरल्यावर किंवा खेळात जास्तीचे डाव मिळावेत म्हणून कोणी तारीख बदलल्यावर असे होते. तारीख आपोआप लावण्याची सोय चालू केली की प्रश्न सुटतो.

दुसरी अडचण मराठीची. शिक्षक संगणकावर सुंदर अक्षरांत प्रश्नपत्रिका तयार करतात, आणि विद्यार्थ्याच्या फोनवर ती उघडली की रोमन अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसतो. पूर्वीच्या अनेक मराठी फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या क्रमांकांवरच देवनागरी आकार बसवलेले असत. तो फाँट ज्याच्याकडे नाही त्याला मूळचे रोमन अक्षरच दिसते. युनिकोडमध्ये १९९१ पासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये टंकावा. जुनाच मजकूर पाठवायचा असेल, तर फाँट आत बसवलेली पीडीएफ फाइल करून पाठवावी.

लघुसंदेशाचेही एक गमतीदार गणित आहे. साध्या एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात. रोमन अक्षर ७ बिटांत बसते, म्हणून १६० अक्षरे. देवनागरी चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून फक्त ७० चिन्हे, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळी मोजली जाते. म्हणून परीक्षेची तारीख आणि वेळ संदेशाच्या सुरुवातीलाच लिहावी.

प्रश्न विचारण्याची रीत

कारण शोधण्याइतकेच ते कसे विचारावे हेही महत्त्वाचे आहे. ‘‘नीट चालते आहे ना?’’ या प्रश्नाला संकोचाने ‘हो’ असेच उत्तर येते. त्याऐवजी ‘‘पडद्यावर आत्ता काय लिहिले आहे ते जसेच्या तसे वाचून दाखवा,’’ असे म्हणावे. इंग्रजी वाचायला अडचण असेल तर पडद्याचे छायाचित्र मागवावे. ‘‘कोणते बटण दाबले?’’ या प्रश्नात आरोपाचा वास येतो. ‘‘हे दिसण्याच्या आधी काय दिसत होते?’’ यात येत नाही. दूरशिक्षणातला विद्यार्थी कित्येकदा शिक्षकापेक्षा वयाने मोठा असतो. ताई, काका अशी हाक आणि थोडा धीर यांनी निम्मे काम होते.

प्रत्येक तक्रारीची नोंद एका वहीत ठेवावी. तारीख, वेळ, गाव, कोणता फोन, काय दिसले, काय बदलून पाहिले, काय झाले, एवढे सात रकाने पुरेत. महिनाभराने वही चाळली की एकेकट्या तक्रारीत न दिसणारे दिसू लागते. एकाच गावच्या चौघींचा तास सायंकाळीच तुटत असेल, तर दोष चार फोनांत नसून एका टॉवरच्या गर्दीत आहे. वेगवेगळ्या गावांतल्या, पण एकाच जुन्या प्रकारच्या फोनवर अडचण येत असेल, तर ॲपची नवी आवृत्ती त्या फोनला पेलत नाही. मोबाइल कंपनीकडे किंवा अभ्यासक्रम चालवणाऱ्यांकडे तक्रार करताना अशी वही हातात असली, की ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम’ एवढे मोघम उत्तर देणे त्यांनाही कठीण जाते.

मदत करताना विद्यार्थ्याचा पासवर्ड किंवा फोनवर आलेला ओटीपी कधीही विचारू नये. शिक्षकाने एकदा विचारला, की उद्या शिक्षकाचे नाव सांगून कोणीही विचारील.

उपाय हाताशी नसतो तेव्हा

कधी कधी कारण नेमके सापडते, आणि ते आपल्या हातातले नसते. डोंगराच्या आड गाव आहे, टॉवर पलीकडच्या खोऱ्यात आहे. अशा ठिकाणी विद्यार्थ्याने दुरुस्त करण्याजोगे काही उरत नाही. तेव्हा बदल धड्यात करायचा असतो. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढी असते. म्हणून धड्याचा कणा सर्वांत कमी वाटेत मावेल असा असावा. आधी लिहिलेला मजकूर, मग बोलून साठवलेला दहा मिनिटांचा आवाज आणि जिथे हालचाल पाहिल्याशिवाय समजणारच नाही तिथेच चित्र. तिघांत पहिली गोष्ट मिळाली तरी विद्यार्थ्याचा धडा चुकता कामा नये.

आणि ज्यांची तक्रार येतच नाही त्यांचे काय? वहीत एक रकाना त्यांच्यासाठीही ठेवावा. सलग दोन तास जो विद्यार्थी दिसला नाही, त्याला साधा फोन करावा. साधे बोलणे बऱ्याचदा तिथेही पोहोचते, जिथे इंटरनेटचा तास पोहोचत नाही. ‘‘तास का बुडवला?’’ असे न विचारता ‘‘कुठपर्यंत ऐकू आले होते?’’ असे विचारावे. बहुतेक वेळा उत्तराच्या पहिल्या वाक्यातच तुटलेली कडी सापडते.